मँचेस्टरनं भावफलक जपला, आपण स्टेशनसुद्धा नाही

माझा भाचा लीड्सला शिकतो. परवाच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं मँचेस्टरला गेला, दिवसभर पायी फिरला, रात्री खोलीवर परतला. घरच्या ग्रुपवर चाळीसेक फोटो टाकले. कुणी अंगठा दिला, कुणी लिहिलं, "फॉरेन ते फॉरेन!" मी मात्र एका फोटोवर अडकून बसलो.

तिथं रॉयल एक्स्चेंज नावाची जुनी इमारत आहे. एकेकाळी कापसाचे सौदे व्हायचे त्या दालनात. १९६८ साली बाजार बंद पडला, १९७६ मध्ये तिथंच नाट्यगृह सुरू झालं. पण उंचावरचा भावफलक त्यांनी उतरवला नाही. बाजाराच्या शेवटच्या दिवशीचे आकडे आजही त्यावर तसेच आहेत. भाच्यानं खाली लिहिलं होतं, "मामा, कापसाचा भाव!"

दुसरा फोटो लिव्हरपूल रोड स्टेशनचा. १८३० सालचं. जगात टिकून राहिलेलं सर्वांत जुनं प्रवासी रेल्वे स्टेशन. आता तो परिसर संग्रहालयाचा भाग आहे. काही भाग दुरुस्तीसाठी बंद होता म्हणे, पण प्रवेश फुकट. तिसरा फोटो अब्राहम लिंकनच्या पुतळ्याचा. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मँचेस्टरात कशाला? तर १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत कापूस यायचा थांबला, गिरण्या बंद पडल्या, तरी तिथल्या कामगारांनी गुलामगिरीविरुद्धची बाजू सोडली नाही. त्याची आठवण म्हणून.

आता यवतमाळकरांनो, जरा थांबा. ती अमेरिकन गाठोडी बंद झाली तेव्हा मँचेस्टरची नजर कुणाकडं वळली? आपल्या वऱ्हाडाकडं. १८७० साली खामगावच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. त्याला काय खामगावची हवा खायची होती? कापूस न्यायचा होता. पुढं त्याच कापसासाठी किलिक निक्सन कंपनीनं यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रूळ टाकले. ११३ किलोमीटर. आपली शकुंतला. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली कुठं बनलं होतं? मँचेस्टरला! १५ एप्रिल १९९४ पर्यंत ते चाललं, मग डिझेल आलं, मग एक दिवस गाडीच बंद झाली.

म्हणजे दोरीचं एक टोक तिकडं, दुसरं इकडं. त्यांनी आपलं टोक काचेच्या पेटीत ठेवलं. आपण आपलं टोक बाभळीत फेकलं.

मी भाच्याला फोन करून विचारलं, "तिथं वऱ्हाडाचं नाव कुठं दिसलं का?" म्हणाला, "मला तरी नाही दिसलं, मामा." आधी राग आला. मग वाटलं, आपली गोष्ट त्यांनी कशाला लिहावी? आपण कुठं लिहिली?

पाहुणा तर आपल्याकडंही एका दिवसासाठी येतो. त्याचा कार्यक्रम मला पाठ आहे. सकाळी नागपूरहून गाडी निघते. अकराला एखादं गाव. कुडाच्या भिंतीवर हार घातलेला फोटो, त्याखाली बसलेली बाई, मांडीवर लेकरू. "कर्ज किती होतं?" "फवारणी केली होती का?" फोटो, डोळ्यांत पाणी, चहा. संध्याकाळचं विमान. नेते आले, अभ्यासक आले, परदेशी वाहिन्या आल्या. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली तेव्हा तर रांग लागली होती. कबूल करतो, यातल्या कित्येकांच्या गाडीत पुढं बसून रस्ता मीच दाखवला. पैसेही घेतले. एकालाही शकुंतलेचं स्टेशन दाखवलं नाही. जिनिंग दाखवलं नाही. मरणाचं घर दाखवलं, ते मरण ज्या रस्त्यानं आलं तो रस्ता दाखवला नाही.

कमेंटमध्ये काय येणार तेही माहीत आहे. "भाऊ, इथं पोटाला नाही अन् तुम्हाला म्युझियम पाहिजे?" पोटाचंच बोलतोय. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं. हंगाम तोंडावर असताना! आपला भाव दूर कुणाच्या तरी सोयीनं ठरतो, हे आजचं नाही, दीडशे वर्षांचं आहे. हे ज्या पोराला कळेल तो बापाच्या कर्जाला नशीब म्हणणार नाही. म्हणून म्युझियम पाहिजे.

दुसरे म्हणतील, "ब्रॉडगेज येतेय ना, जुनं कशाला धरून बसता?" येऊ द्या की! वर्धा-कळंब गाडी २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, आनंद आहे. ती यवतमाळमार्गे नांदेडला कधी पोचते, याची वाट मीही बघतोय. पण नवी सून आली म्हणून म्हातारीला उकिरड्यावर बसवतो का आपण?

कोट्यवधींचं 'पर्यटन हब' नको. घोषणा पुष्कळ ऐकल्या. मागणं एवढंच आहे. शकुंतलेचं जुनं स्टेशन आणि आवार कापसाच्या संग्रहालयासाठी राखून ठेवा. जिल्हा नियोजन समितीनं सुरुवातीपुरता निधी द्यावा. थोडासा रूळ जागेवर राहू द्या. गार्ड, हमाल, जिनिंगमधल्या बाया, वेचणाऱ्या बाया यांच्या आठवणी ते जिवंत आहेत तोवर रेकॉर्ड करा. आणि दारात एक भावफलक लावा. एका बाजूला क्विंटलचा आजचा भाव, दुसऱ्या बाजूला तो क्विंटल पिकवायचा खर्च. रोज बदला. मँचेस्टरचा फलक थांबलाय, कारण त्यांचा बाजार संपला. आपला अजून सुरू आहे.

मग पाहुण्यानं एक दिवस जरूर यावं. सकाळी स्टेशन बघावं, दुपारी कळंबच्या चिंतामणीला जावं, हाती वेळ उरला तर टिपेश्वरचा वाघ बघावा. आणि त्या बाईच्या घरी जायचंच असेल, तर भावफलक वाचून जावं.

यापुढं माझ्या गाडीचा पहिला थांबा स्टेशन. ज्याला ते नको, त्यानं दुसरा वाटाड्या बघावा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पण शकुंतलेतून कधी प्रवास केला असेल तर ती आठवण आधी लिहा. सुरुवात तिथूनच करू.