खाते लॉक करा, पण किती वेळ ते तरी सांगा!

गेल्या महिन्यात वीजबिल भरण्याच्या शेवटच्या दिवशी माझ्या वडिलांचे बँकेचे ॲप अडले. पासवर्ड तीनदा चुकला होता. स्क्रीनवर एवढेच आले : 'युवर अकाउंट इज लॉक्ड'. किती वेळ, पुढे काय करायचे, काहीच नाही. ''पैसे गेले का रे?'' हा त्यांचा पहिला प्रश्न.

पैसे गेले नव्हते. उलट ते जाऊ नयेत म्हणूनच दार बंद झाले होते. हिशेब साधा आहे. चार आकडी पिनचे 10 हजार पर्याय होतात. संगणकाने सेकंदाला एक टाकून पाहिला, तरी तीन तासांच्या आत सगळे संपतात. दिवसाला तीनच संधी दिल्या, तर त्याच कामाला नऊ वर्षे लागतात. म्हणूनच एटीएम किंवा यूपीआयचा पिन तीनदा चुकला, की बऱ्याच बँका तो साधारण 24 तास अडवून ठेवतात. (पिन 1234 किंवा जन्मसाल असेल, तर चोराला तीन संधीही पुरतात, हे वेगळे.)

पण याच कुलपाची दुसरी बाजूही आहे. तुमचा यूजर आयडी ठाऊक असलेला कुणीही मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून तुम्हालाच बाहेर ठेवू शकतो. त्यापेक्षा मोबाइलच्या स्क्रीन लॉकची पद्धत मला शहाणपणाची वाटते. आधी एक मिनिट थांबा, मग पाच, मग पंधरा. विसरभोळ्या माणसाला ते सोसते, चोराच्या प्रोग्रॅमला नाही. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेच्या सूचनांत तर सलग चुकांची कमाल मर्यादा 100 आहे. बँकेने इतके उदार होऊ नये, पण तीन चुकांवर पूर्ण दिवस बंद, हा एकमेव मार्ग नाही एवढे नक्की.

माझी खरी तक्रार मात्र त्या मुक्या संदेशाबद्दल आहे. घाबरलेला माणूस गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि तिथे भामट्यांनी पेरलेले नंबरही असतात. वडील तेच करत होते. मी हातातून फोन घेतला, पासबुकावरचा नंबर लावला. 'उद्या याच वेळी आपोआप सुरू होईल', उत्तर एका वाक्याचे होते. ते स्क्रीनवर का नव्हते? 'ओटीपी कुणालाही सांगू नका, फसवणूक झाल्यास 1930 वर कळवा' हेही त्याखाली मावले असते.

दुसऱ्या दिवशी ॲप उघडले. बिलावर विलंब आकार लागला होता.