कोमट रेडिएटर

आई साताऱ्याहून आमच्याकडे रेडिंगला आली ती नोव्हेंबरच्या शेवटी. बॅगा दारातच ठेवून तिने हॉलमधल्या रेडिएटरवर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं, हे तर कोमटच आहे. बिघडलंय का?"

याआधी ती आली होती तेव्हा त्याच रेडिएटरला हात लावला की चटका बसायचा. तेव्हा गॅसचा बॉयलर होता. आता बॉयलरही नाही आणि घरात गॅसही नाही. मागच्या अंगणात पंखा असलेली एक पांढरी पेटी उभी आहे, तो आमचा हीट पंप, आणि बाहेरच्या थंड हवेतून ती घरासाठी ऊब आणते. आईला ते पटेना. थंड हवेत ऊब कुठून आली?

मी तिला शेतातल्या विहिरीची आठवण करून दिली. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, खालचं पाणी वर आणते. हीट पंपही उष्णता तयार करत नाही, उपसतो. आमच्या पंपात प्रोपेन आहे. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, त्यामुळे बाहेर शून्याच्या आसपास तापमान असलं तरी त्याच्या दृष्टीने ती हवा गरमच. त्या हवेने त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती दाबतो, दाबली की ती तापते आणि ती उष्णता रेडिएटरच्या पाण्याला मिळते. एका युनिट विजेत साधारण तीन ते चार युनिट उष्णता घरात येते. पाणी जितकं कमी तापवावं लागेल तितका हा हिशेब चांगला, म्हणून रेडिएटर कोमट. बंबातून कढत पाणी काढायचं आणि मग विसण घालत बसायचं, त्यापेक्षा अंगाला सोसेल असंच पाणी आलं तर? आमचं तसं आहे. 45 अंशांचं पाणी दिवसभर संथ फिरत राहतं.

इंग्लंडमध्ये हे काही नवीन नाही. नॉर्विचमध्ये जॉन समनर नावाच्या अभियंत्याने 1945 च्या सुमाराला नदीच्या पाण्यातली उष्णता उपसून नगरपालिकेच्या वीज खात्याची इमारत गरम केली होती. पुढे उत्तर समुद्रातला गॅस आला, घरोघरी बॉयलर बसले आणि ती वाट मागे पडली. याची मला खरोखर हळहळ वाटते.

आमचा बॉयलर सोळा वर्षांचा होता. जानेवारी 2024 मध्ये तो दुरुस्त करताना कारागीर म्हणाला, अजून एखादा हिवाळा काढेल. ते वाक्य आमच्या नशिबाचं. कारण बॉयलर कडाक्याच्या थंडीत पूर्ण बंद पडला की विचाराला वेळच उरत नाही. नवा बॉयलर दोन दिवसांत बसतो, हीट पंपाला दोन-तीन महिने लागतात. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर कोण थांबेल? म्हणून ओळखीच्या प्रत्येकाला मी सांगते, जुना बॉयलर चालू आहे तोवरच चौकशी करा.

आम्ही चौकशी केली तेव्हा पहिल्या कंपनीने घर न बघता फोनवरच किंमत सांगितली आणि 12 किलोवॉटचा पंप सुचवला. दुसरीकडची बाई तीन तास घरात होती. तिने प्रत्येक खोली मापली, खिडक्यांची काच बघितली, माळ्यावर चढली, फरशीखालचे पाइप किती जाड आहेत ते तपासलं. बाहेर उणे दोन अंश असताना कोणत्या खोलीतून किती ऊब निसटेल, याचा खोलीवार हिशेब तिने कागदावर दिला. पूर्ण घराला सात किलोवॉट पुरेसे होते. गरजेपेक्षा मोठा पंप सारखा चालू-बंद होतो, वीज खातो आणि लवकर झिजतो. सहा रेडिएटर बदलावे लागतील आणि गरम पाण्याच्या टाकीसाठी जिन्याखालचं कपाट द्यावं लागेल, हेही तिने तेव्हाच सांगितलं. या साऱ्या उद्योगात सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती असं विचारलंत तर मी पंपाच्या आधी त्या कागदाचं नाव घेईन.

एकूण खर्च 12,400 पौंड. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकार यासाठी 7,500 पौंड अनुदान देतं. 2022 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ते 5,000 होतं, ऑक्टोबर 2023 मध्ये वाढवलं. अर्ज आपण करायचा नसतो, पंप बसवणारी प्रमाणित कंपनी करते. ऑफजेम या नियामक संस्थेकडून आपल्याला ईमेल येतो, त्याला होकार द्यायचा, आणि ती रक्कम बिलातून थेट वजा होते. मूल्यवर्धित करही सध्या शून्य आहे. आमच्या वाट्याला 4,900 पौंड आले. त्यातले निम्मे साठवलेले होते, निम्मे घराच्या कर्जात वाढवून घेतले. स्कॉटलंडमध्ये अनुदानाच्या जोडीला बिनव्याजी कर्जही मिळतं.

आमच्या अर्जाच्या वेळी एक अट होती. घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रात माळ्यावर ऊब धरून ठेवणारी लोकर भरण्याची शिफारस असेल तर आधी ते काम पुरं करायचं. दोन शनिवार-रविवार नवरा आणि मी माळ्यावर वाकून 27 सेंटिमीटर जाडीची लोकर पसरत होतो. त्याच वर्षी मे महिन्यात ती अट काढून टाकली. लोकांना मार्ग सोपा व्हावा म्हणून काढली, ते कळतं. तरी मला ती अट हवी होती. गळक्या हंड्यात पाणी भरण्याआधी भोक बुजवावं लागतंच.

बिलाबद्दल खरं सांगायला हवं. इथे वीज गॅसच्या जवळजवळ चौपट महाग आहे, एका युनिटला साधारण 25 पेन्स विरुद्ध सहा. त्यामुळे पंप विजेच्या साडेतीनपटीच्या आसपास उष्णता देत चालला तर बिल जुन्या बॉयलरइतकंच येतं. त्याहून चांगला चालला तर वाचतं, वाईट चालला तर वाढतं. आमचं थोडं वाचलं, आणि त्यातलं बरंचसं वाचलं ते गॅसची जोडणीच तोडल्यामुळे. गॅस वापरा की नका वापरू, रोजचे सुमारे 30 पेन्स द्यावेच लागायचे.

पण गॅस गेला म्हणजे विस्तवही गेला. भाकरी शेवटी आचेवर टाकायची सवय हाताला होती. इंडक्शनवर लोखंडी तवा ठेवून, कडेने फडक्याने दाबत भाकरी फुगवायला मला महिना लागला. आईला दोन दिवस.

जानेवारीतल्या एका सकाळी ती अंगणातून हाक मारत आत आली, "अगं, मशीनमधून धूर निघतोय!" धूर नव्हता, वाफ होती. दमट थंडीत पंपाच्या जाळीवर बर्फाचा थर साचतो. मग पंप काही मिनिटं उलटा फिरून ती जाळी तापवतो आणि बर्फ वितळवतो. आम्ही दोघी शाली गुंडाळून खाली टपकणारं पाणी बघत राहिलो. "बंबातली राख झाडतो तसं म्हणायचं," आई म्हणाली.

कुंपणापलीकडून शेजारीणही बघत होती. ती भाड्याने राहते, दोन मुलांसह. मुलांच्या खोलीच्या कोपऱ्यात दर हिवाळ्यात काळी बुरशी धरते. पंपाला किती खर्च आला, तिने विचारलं. मी सांगितलं आणि सांगतानाच जीभ अडखळली. अनुदान घराच्या मालकाला मिळतं. भाड्याने दिलेल्या घरासाठीही मालक ते घेऊ शकतो, पण वरचे पाच हजार पौंड त्याने घालायचे आणि बिल भरते ती. तो कशाला घालेल? ज्यांच्या गाठीला थोडे पैसे आहेत त्यांनाच हे साडेसात हजार मिळतात, आम्ही त्यातलेच, आणि भिंतीपलीकडे दोन मुलं ओलीत झोपतात. या योजनेतली ही खोट मला फार बोचते.

आईनेच तिला चहाला बोलावलं. जाताना ती आमचा तो खोलीवार हिशेबाचा कागद घेऊन गेली. तिचं घर आमच्याच घराचा जुळा भाऊ आहे, मापं बहुतेक तीच निघतील. येत्या रविवारी आम्ही दोघी तिच्या घरमालकाला पत्र लिहायला बसणार आहोत.