आंबोलीला जाताय? जरा खाली बघा

पहिला पाऊस झाला की आपल्या हॉस्टेलवर एकच प्लॅन शिजतो. शनिवारी रात्री बाइक काढायच्या आणि गडहिंग्लज, आजरा करत आंबोली गाठायची. धबधबा, कणीस, भजी, फोटो... धबधब्याला माझा विरोध नाही. माझं म्हणणं आहे ते रात्रीच्या रस्त्याबद्दल आणि सड्यावरच्या डबक्यांबद्दल.

आम्ही कॉन्व्हेंटवाले 'फ्रॉग' आणि 'टोड' वेगवेगळे पाठ करून आलो, पण मराठीत दोघंही बेडूकच. (पुस्तकात टोडला 'भेक' म्हणतात, पण तसं बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही!) तर आंबोलीचा म्हणून एक टोड आहे. अंगठ्याएवढा, अंगावर वाघासारखे पट्टे. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली नवी जात म्हणून त्याची नोंद केली. नाव झँथोफ्रायने टायग्रिना. त्याचा सख्खा भाऊ कोयनेचा, तो 1963 सालीच नोंदला गेला होता. बास, एवढंच कुटुंब!

दक्षिण अमेरिकेतला सुरिनाम टोड जन्मभर पाण्यातच असतो. त्याची मादी अंडी पाठीच्या कातडीत रुतवून घेऊन फिरते आणि तिथूनच तयार पिल्लं बाहेर पडतात. डबकं आटायचं टेन्शनच नाही. आपल्याकडच्या बाईसाहेबांना ही सोय नाही. त्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, पावसाच्या साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतात. पाणी किती? बुटाचा तळ भिजेल एवढं. ते आटायच्या आत शेपटीवाल्या पिल्लांना पाय फुटले पाहिजेत. तेवढ्यात फोटोसाठी कुणी त्यात थयथय नाचलं किंवा सड्यावर गाडी घातली, की सगळा संसार एका मिनिटात खलास.

'कोल्हापुरात बेडकांना काय तोटा?' असं माझा रूम पार्टनर म्हणतो. अरे, भातशेतात ओरडतात ते वेगळे! हा मुख्यतः आंबोलीच्या परिसरातच सापडतो आणि जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' गटात आहे. त्यात त्याचा आणि आपला सीझन एकच पडतो. ओल्या रात्री बेडूक रस्त्यावर येतात आणि ऐंशीच्या स्पीडला ते दिसत नाहीत.

म्हणून ट्रिपवाल्यांना सांगणं एवढंच, की रात्रीचं निघू नका. सकाळी सहाला निघालात तरी साडेनऊपर्यंत गरम भजी मिळतात.