लोहमार्ग ओसाडीतून की वस्तीतून?

वडाळ्याच्या बाजूने दक्षिण मुंबईस जाणाऱ्या अकराव्या मेट्रो मार्गिकेची वाट कोणती असावी, या प्रश्नाचा निकाल राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिला. आरंभीची योजना पूर्व किनाऱ्याने, गोदीच्या जमिनीलगत, बोरीबंदरापर्यंत जाण्याची होती. मंजूर झालेला मार्ग मात्र अणिक आगारापासून निघून पुढे भायखळा, नागपाडा, भेंडीबाजार असा दाट वस्तीत शिरतो व गेटवे ऑफ इंडियापाशी थांबतो. लांबी सुमारे साडेसतरा किलोमीटर. खर्चाचा अंदाज २३ हजार कोटी रुपयांहून अधिक. पहिल्या वाटेत घरे कमी आड येत होती, दुसऱ्या वाटेवर उतारू अधिक मिळतील. आमचे मत दुसरीच्या बाजूचे आहे, आणि त्याची कारणे दादरकरांस फार विस्ताराने सांगावयास नकोत.

दादरच्या पूर्वेस खोदादाद सर्कलला लोक अद्यापि 'टी. टी.' म्हणतात. ती अक्षरे ट्राम टर्मिनसची होत. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदराहून दादरला आली. तिला जाऊन साठ वर्षे लोटली, परंतु नाव गेले नाही. याचे कारण उघड आहे. १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली ती पायधुणी व काळबादेवीच्या बाजारांतून, आणि पुढे विजेची ट्राम धावली तीही जेथे गिरण्या, चाळी व दुकाने होती तेथूनच. गाडीने माणसांस आपल्याकडे बोलाविले नाही, ती माणसांच्या दारी गेली.

याच्या उलट मोनोरेलची कथा. चेंबूर ते वडाळा हा टप्पा २०१४ साली व तेथून संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा २०१९ साली सुरू झाला. तिच्या एका स्थानकास 'दादर पूर्व' असे नाव दिले खरे, पण त्या नावावर विसंबून जो उतारू तेथे उतरला, त्यास आगगाडीचे दादर गाठण्यास पुन्हा टॅक्सी शोधावी लागली! मध्य व पश्चिम असे दोन्ही लोहमार्ग जेथे मिळतात तेच ठिकाण बाजूस टाकून काढलेल्या मार्गास गर्दी कोठून मिळावी? अपेक्षा लाखांची होती, उतारू मिळाले ते हजारांत. गाड्यांची वाण व वारंवारचे बिघाड हीही कारणे होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु गाड्या वाढविता येतात, उभारलेले खांब उचलून दुसऱ्या रस्त्यावर नेता येत नाहीत. २० सप्टेंबर २०२५ पासून ती सेवा सुधारणेसाठी थांबविण्यात आली.

वस्तीतून जाण्याची किंमत मात्र वस्तीसच द्यावी लागते. तिसऱ्या मेट्रोपायी गिरगाव व काळबादेवीतील जुन्या इमारती पाडावयाच्या ठरल्या, तेव्हा २०१५ साली तेथील रहिवाशांनी जो आकांत केला तो अनाठायी नव्हता. एकदा उपनगरात गेलेला भाडेकरू परत येत नाही, हा या शहराचा जुना अनुभव आहे. पुढे त्याच परिसरात घरे देण्याचे कबूल झाले, ते लोकांनी आरडाओरड केल्यावर. भेंडीबाजाराने तितकी वाट का पाहावी? कोणती इमारत जाणार, तिच्यातील कुटुंबे तोवर कोठे राहणार, दुकानांपुढील पत्रे किती महिने उभे राहणार व त्या मुदतीत बुडालेल्या धंद्याची भरपाई कोण करणार, हे पहिली कुदळ पडण्यापूर्वी मराठी, उर्दू व गुजरातीत छापून रहिवाशांच्या व व्यापाऱ्यांच्या हाती दिले पाहिजे. व्यापारी मंडळींनीही केवळ विरोधाचे अर्ज न करता या चार गोष्टी लेखी मागाव्यात.

आणखी एक. तिसऱ्या मेट्रोचे दादर स्थानक गोखले मार्गाच्या बाजूस आहे. आगगाडीतून उतरलेल्या माणसास तेथवर फुलांच्या व भाजीच्या गर्दीतून वाट काढावी लागते. भायखळ्यास तसे होऊ नये. तेथील भुयाराचे तोंड रेल्वेच्या पुलापासून किती पावलांवर उघडणार, एवढा नकाशा तरी अधिकाऱ्यांनी निविदा काढण्यापूर्वी प्रसिद्ध करावा.