केसांवर अंमल कोणाचा?

30 ऑक्टोबर 2022 च्या रविवारी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतला तिसऱ्या स्थानाचा सामना झाला. नायजेरियाच्या मुलींनी तीन गोलांची आघाडी घ्यावी, जर्मनीने ती फेडावी आणि अखेर पेनल्टीच्या फटक्यांवर 3-2 असा निकाल लागून नायजेरियाला या स्पर्धेतले आपले पहिले पदक मिळावे, असा तो चुरशीचा मामला होता. मला खेळातले फारसे कळत नाही, आणि माझ्या शेजारी बसलेल्या नऊ वर्षांच्या नातीचे लक्ष तर चेंडूवर नव्हतेच. टाळूला बिलगून नांगरलेल्या शेतातल्या सऱ्यांप्रमाणे मागे गेलेल्या नायजेरियाच्या मुलींच्या बारीक बारीक वेण्यांकडे ती टक लावून पाहत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "आजी, यांच्या शाळेत बाई ओरडत नाहीत?"

या प्रश्नामागे इतिहास आहे. नातीचे केस कुरळे आहेत, तिच्या पणजीकडून आलेले. आणि तिच्या शाळेचा दंडक असा की, मुलींनी तेल लावून, मधोमध भांग पाडून, दोन घट्ट वेण्या रिबिनीसह घालून यावे. सरळ केसांच्या मुलीला हे पाच मिनिटांचे काम. हिच्या बाबतीत मात्र सकाळचा पाऊण तास, फणीचा एक मोडका दात आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी, एवढ्या ऐवजानंतरही दुपारपर्यंत कपाळावर बटा उभ्या राहतात आणि डायरीत 'केस अव्यवस्थित' असा शेरा घरी येतो. वर्गातली मुले तिला 'मॅगी' म्हणतात. माझ्या लहानपणी याच केसांना झिंज्या म्हणत. म्हणजे शब्द बदलला, शिक्षा कायम राहिली.

नवल असे की, ज्या भाषेत आपण झिंज्या म्हणतो त्याच भाषेच्या पोटात कुंतल आणि अलक हे शब्द आहेत, आणि कपाळावर रुळणारी वळणदार बट हे आपल्या काव्यपरंपरेत सौंदर्याचेच लक्षण मानले गेले आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाच्या एका भागाला प्राचीन काळी कुंतल देश म्हणत. (त्या नावाचा केसांशी संबंध जोडण्याचा मोह मला होतो, पंडितांनी क्षमा करावी.) अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात सावळ्या, घनश्याम वर्णाच्या ज्या स्त्रिया चित्रकारांनी मोठ्या ममतेने रंगवल्या, त्यांना उजळ करण्याची किंवा त्यांचे केस सरळ करण्याची गरज त्या कलावंतांना वाटली नव्हती. खोपा, अंबाडा, बुचडा, तिपेडी, पाचपेडी, सागरवेणी, आणि केस अपुरे पडले तर गंगावन, एवढा सारा सरंजाम बाळगणाऱ्या समाजाने अखेर दूरदर्शनवरील शाम्पूच्या जाहिरातीतल्या, फणी वरून सोडली की खाली घसरत येणाऱ्या सरळ केसांना एकमेव प्रमाण मानावे, ही माझ्या मते मोठी दरिद्री निवड आहे.

ज्या मुलींकडे नात पाहत होती त्यांच्या देशातला एक छायाचित्रकार, जे. डी. ओखाई ओजेकेरे, याने 1968 पासून पुढे अनेक वर्षे नायजेरियन स्त्रियांच्या केशरचनांची सुमारे एक हजार छायाचित्रे टिपली. बहुतेक छायाचित्रे मागून घेतलेली, चेहरा नाही, केवळ मस्तकावरचे ते स्थापत्य. परंतु ज्यांच्या पूर्वजांना गुलाम करून समुद्रापार नेले, त्यांच्या वंशजांना याच केसांपायी पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसावा लागला. खुद्द आफ्रिकेतही तेच: 2016 साली दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाच्या एका मुलींच्या विद्यालयातील कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना आपले केस नैसर्गिक ठेवता यावेत म्हणून आंदोलन करावे लागले, आणि केसांच्या पोतावरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करू नये, असे कायद्याने सांगण्याची पाळी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यावर 2019 साली आली.

हे सारे दूरचे आहे, असे वाचकाने समजू नये. खारघर-पनवेलचा भाग ज्या रायगड जिल्ह्यात मोडतो, त्याच जिल्ह्यात मुरुड-जंजिऱ्याचे, आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचे संस्थान 1948 पर्यंत नांदत होते. पूर्वीच्या औरंगाबादचे मूळ गाव खडकी हे वसवणारा, निजामशाहीचा कारभार हाकून मुघलांना वर्षानुवर्षे झुंजवणारा मलिक अंबर हा आफ्रिकेतूनच आलेला होता. आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडच्या रानांत राहणारे, 2003 साली अनुसूचित जमातीत समाविष्ट झालेले सिद्दी बांधव घरात कोकणीच्या जवळची बोली बोलतात. तेव्हा घट्ट कुरळ्या केसांची मुलगी आपल्या वर्गात येऊन बसली, तर तिला परदेशी पाहुणी समजण्याचे कारण नाही. ती कदाचित आपल्यापेक्षाही जुनी रहिवासी असेल.

खाडीकाठच्या आमच्या नवी मुंबईत पावसाळी हवेने साधे केसही फुगतात, कारण हवेतील आर्द्रता केसांतील नाजूक बंध सैल करते. मग वाशीपासून खारघरपर्यंतच्या सलूनांत रासायनिक स्मूदनिंगची तजवीज असते. कायमचे सरळ करणारी रसायने केसांतील गंधकाचे बळकट बंध तोडून पुन्हा जोडतात, आणि केराटिन म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक उपचारांत तापवल्यावर फॉर्मलडिहाइड वायू सुटतो. योगायोग असा की, ज्या महिन्यात नेरूळला तो सामना झाला त्याच महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, 33,497 स्त्रियांची सुमारे 11 वर्षे नोंद ठेवणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात केस सरळ करणारी द्रव्ये कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता 1.64 टक्के, तर ती वारंवार वापरणाऱ्यांत 4.05 टक्के आढळली. कार्यकारणभाव यावरून सिद्ध होत नाही, हे खरे. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाची भेट म्हणून सलूनात नेणाऱ्या आईने हे आकडे एकदा नजरेखालून घालावेत.

कोणी सज्ञान स्त्रीने स्वखुशीने केस सरळ केले, तर त्यात माझी हरकत काय असणार? तिचा मुखत्यार तीच. माझी तक्रार आहे ती शाळेच्या फर्मानाविषयी. स्त्रीच्या केसांवर समाजाने आपला इजारा सांगण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईच्या नाभिकांनी 1890 साली केला, तेव्हा त्या हुकूमशाहीला आव्हान देणारे हात वस्तरा धरणाऱ्यांचे होते, पंडितांचे नव्हते. आज वस्तरा नाही, केवळ एक शेरा आहे; तरी नऊ वर्षांच्या मुलीला तो तेवढाच खोल लागतो. प्रयोगशाळेत, मैदानात, रांगेत केस बांधलेले असावेत, एवढा नियम शिस्तीला पुरेसा आहे. ते कोणत्या पोताचे असावेत याचा दाखला मागण्याचा अधिकार कोणत्याही मुख्याध्यापकास नाही.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, नात पाट घेऊन समोर बसली आणि "त्या सऱ्या घाल" म्हणाली. मला सागरवेणीपलीकडे काही येत नाही आणि बोटेही आता आखडली आहेत. तीन सऱ्या जमल्या, चौथी सुटली, आणि उरलेले केस मी मागे एका रिबिनीत बांधून दिले. तशीच ती शाळेत गेली. त्या दिवशी डायरीत शेरा आला नाही. वर्गाच्या बाई रजेवर होत्या.