ज्याचे शेत, त्यालाच बोलावणे नाही!

शेतकरी व कारागीर बंधूंनो, मालकाला चावडीबाहेर ठेवून त्याच्या शेताचा बांध सरकविणाऱ्या पंचांस आपण काय म्हणतो? सन १९३८ च्या सप्टेंबरात म्युनिकला हेच झाले. इंग्लंड, फ्रान्स, इटली व जर्मनी यांनी झेकोस्लोव्हाकियाला बैठकीत न घेता त्याचा सुडेटन मुलूख हिटलरास देऊन टाकला. तेवढ्याने त्याचा लोभ शमला काय? मार्च १९३९ त त्याने प्राग घेतले. ऑगस्टात रशियाशी करार करून १ सप्टेंबरास पोलंडवर चाल केली. ३ सप्टेंबरास इंग्लंड-फ्रान्सने युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी येथील लोकप्रतिनिधींस न विचारता हिंदुस्थानास त्यात ओढले. दुबळ्याची जमीन देऊन घेतलेली शांतता टिकत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, जेथे आपल्या भाकरीचा निवाडा, तेथे आपला माणूस बसलाच पाहिजे.