तबकडीचा खरा रंग कोणता?

शालू घ्यायला निघालेली अनुभवी गृहिणी दुकानातल्या दिव्याखाली रंग कधी पसंत करीत नाही. दुकानदार नको नको म्हणत असता ती शालू उचलते आणि थेट दारातल्या उजेडात नेऊन उलगडते. लाखांच्या घरातले मनगटी घड्याळ घेणाऱ्या तिच्या यजमानांना हे शहाणपण का सुचू नये, हे एक कोडेच आहे. कपाटावरच्या प्रखर दिव्याखाली निळी तबकडी मोरपिसासारखी झळाळते, स्वारी पैसे मोजून मोकळी होते, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत पाहावे तो तबकडी काळसर! घड्याळ बदलले की काय?

दुकानदार बापडा निर्दोष असतो. करामत असते ती तबकडीच्या अंगावरील रेघांची. 'सनबर्स्ट' म्हणजे किरणदार तबकडीवर मध्यापासून कडेपर्यंत अतिशय बारीक रेघा ओढलेल्या असतात. प्रत्येक रेघ उजेड फेकते तो स्वतःला आडव्या दिशेने. म्हणून दिवा आणि डोळा यांच्याशी ज्यांचा कोन जुळतो तेवढ्याच रेघा उजळतात व मध्यापासून दोन्हीकडे पंख्यासारखे दोन झोत पसरलेले दिसतात. ग्रामोफोनची तबकडी आठवून पाहा. (मराठीत दोघींचे नाव एकच आहे, ही मोठीच सोय!) तिच्या रेघा गोल, हिच्या सरळ, पण झोत तसाच. ग्रामोफोनची तबकडी गरगर फिरली तरी तिच्यावरील झोत जागचा हलत नाही. ती किंचित कलती धरा, की लगेच सरकतो. मनगट हलले की घड्याळात जी जान येते ती हीच. आभाळ भरून आले म्हणजे मात्र उजेड चहूकडून सारखा येतो, झोत विरून जातो आणि तबकडी मुकी होते.

शिवाय उजेडालाही स्वतःचा रंग आहेच. तारेचा जुना दिवा सुमारे २७०० केल्विनचा, पिवळट; भर दुपारचे ऊन ५५०० च्या आसपास. पिवळ्या दिव्यात निळा अंश मुळातच थोडा, तेव्हा निळ्या तबकडीने तेथे उजळावे तरी कशाच्या बळावर?

या विद्येत जपानी कारागिरांनी कमाल केली आहे. ग्रँड सेइको हे नाव १९६० सालचे. त्यांचे 'स्नोफ्लेक' म्हणून प्रसिद्ध असलेले घड्याळ नागानो प्रांतात, डोंगरांच्या कुशीतल्या शिओजिरी गावी तयार होते. त्याची तबकडी तेथल्या वाऱ्याने विंचरलेल्या बर्फासारखी दिसते. गंमत अशी, की त्या शुभ्रतेत पांढरा रंग नाही! उंचसखल ठसा उठविलेल्या पत्र्यावर चांदीचा मुलामा चढवून ती साधलेली आहे. उजेड तिरपा पडला की बारीक सावल्या उमटतात आणि बर्फ दिसतो. समोरून पडला की नुसता पांढरा कागद.

त्यावरचा सेकंदाचा निळा काटाही असाच लबाड. पोलाद सुमारे ३०० अंशांपर्यंत तापविले, की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि थराच्या जाडीमुळे निळा रंग दिसतो; साबणाच्या फुग्यावर रंग दिसावेत तसा. उजेड नीट पडला तर नीळ, न पडला तर काजळ.

माझे मत विचाराल तर घड्याळ तीनदा पाहावे: दुकानाच्या दिव्याखाली, दाराबाहेर उन्हात आणि आत सावलीत. यांतल्या सर्वांत फिक्या रूपात ते आवडले तरच पाकिटाला हात घालावा, कारण दिवसाचे बहुतेक तास तेच रूप सोबतीला राहणार. चौथी परीक्षा अंधाराची. पुष्कळ घड्याळांच्या काट्यांना आज उजेड पिऊन पुन्हा सोडणारा लेप लावतात; पूर्वीच्या रेडियमसारखा तो धोक्याचा नाही. पण 'स्नोफ्लेक'ला असा कोणताच लेप नाही. रात्री जाग आली आणि किती वाजले हे पाहायचे झाले, तर एवढ्या किमतीच्या घड्याळाच्या मालकालाही उठून दिवा लावावा लागतो.